कानशीने बसवलेली ड्राइव्ह

माझा वरचा समोरचा दात खोटा आहे. खरा होता तो आमच्या साडूने पाडला, तोसुद्धा पहिल्याच भेटीत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नव्या बिऱ्हाडात कपाट चढवायचं होतं आणि ते जिन्याच्या वळणावर अडकलं. मी खालून म्हणालो, "अहो, हे बसत नाही, पाय काढू या." वरून तो गरजला, "बसत नाही म्हणजे काय? बसवायचं!" आणि त्याने खांद्याने असा रेटा दिला की कपाट सुटलं, भिंतीचा गिलावा सुटला आणि कपाटाचा कोपरा माझ्या तोंडावर आला. मी रक्त थुंकतोय, आणि हा वरून म्हणतो, "बघा! बसलं की नाही?"

कारखान्यात त्याला ठोक्या म्हणत. फिटर होता, आणि हात देवाने दिलेला. कानशीने लोखंड असं घासायचा की दोन तुकड्यांच्या मधून उजेड जायचा नाही. पण डोकं तापलं की त्याच हाताचा हातोडा व्हायचा. एकदा फोरमन त्याला सगळ्यांसमोर म्हणाला, "तुला मोजता येतं का रे?" ठोक्याने हातातली कानस खाली ठेवली. फोरमनची कॉलर धरली, बाकावरच्या, लोखंड आवळून धरणाऱ्या वाइसच्या जबड्यात घातली, दांडा फिरवून आवळली आणि चहा प्यायला गेला. फोरमन गुडघे मोडून लटकलेला, तोंड वांग्यासारखं जांभळं, आणि दांडा उलटा फिरवायची कुणाची छाती होईना! शेवटी झाडूवालीने कात्रीने कॉलर कापली. ठोक्या परत आला तेव्हा वाइसमध्ये फक्त कॉलर होती. "माणूस कुठे गेला?" म्हणाला.

असे किस्से मी रात्रंदिवस सांगेन. पण एक गोष्ट हसत सांगण्यासारखी नाही, म्हणून भरभर सांगतो. घरातही त्याचा हात चालायचा. मेहुणी माझ्या बायकोला मनगटावरचे वळ दाखवायची आणि लगेच पदर ओढून घ्यायची. एकुलती एक लेक हे बघत मोठी झाली. शिकली, नोकरीला लांब गेली, सणावारालाही फिरकली नाही. मेहुणी आजारपणात गेली तेव्हा आली. सगळं उरकल्यावर बापासमोर उभी राहिली. मी तिथेच होतो.

"बाबा, तुम्ही एकटे पडाल म्हणून मी राहते," ती म्हणाली. "पण एक सांगते. घरात असो, बाहेर असो, कुठल्याही माणसावर हात उचललात, की मी निघाले. मग मला शोधायचंही नाही."

ठोक्या म्हणाला, "नाही उचलणार."

आणि खरंच, नाही उचलला. दूधवाला पाणी घालतो हे कळलं तेव्हा ठोक्या कडी लावून आत बसला आणि स्वतःच्या मांडीवर गुद्दे मारत राहिला. मांडी काळीनिळी झाली, पण दूधवाला शाबूत राहिला. लेक घरात आहे, तिची चप्पल दाराशी आहे, एवढ्यावर तो गडी जगत होता. चप्पल दिसली नाही की याचा जीव टांगणीला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

लेकीचं काम यंत्रांच्या सुट्या भागांची चित्रं काढायचं. लॅपटॉपवर काढायची आणि कारखान्यांना पाठवायची. लॅपटॉप जुना झालेला. एक चित्र उघडायचं तर तोवर भात शिजून व्हायचा. ती कपाळाला हात लावून बसायची आणि बाप तिच्याकडे बघत बसायचा. मग कुणीतरी त्याला सांगितलं की लॅपटॉपमध्ये नवी, जलद ड्राइव्ह टाकली की मशीन पळायला लागतं. ड्राइव्ह म्हणजे ज्यात सगळं साठवलेलं असतं ती पातळ पट्टी. च्युइंगमच्या कांडीएवढी असते, जरा लांब. ठोक्याच्या डोळ्यांत दिवे लागले. लेकीला न सांगता तिचं मशीन पळवायचं! मला फोन केला, "चला, साडू, खरेदीला."

दुकान अरुंद होतं. एका बाजूला काचेचं कपाट, दुसरीकडे भिंतीला खिळ्यांवर लटकवलेले चार्जर, मध्ये काउंटर. काउंटरमागे बाई. शाळेत गोळाफेकीत सगळ्यांना मागे टाकायची म्हणून सगळे तिला गोळाताई म्हणत. दंड बघितले तर माझ्या मांड्यांना लाज वाटावी.

"लॅपटॉप आणलाय का, काका?" तिने विचारलं.

"कशाला? मोजून आणलंय." ठोक्याने खिशातून व्हर्निअर, मापं घ्यायचं हत्यार, काढला. "बावीस मिलिमीटर रुंद, ऐंशी लांब. ही जागा. आतली जुनी पण एवढीच आहे."

"लांबी-रुंदी बहुतेकींची तेवढीच असते हो. खाच बघावी लागते. कुणाची खाच या टोकाला असते, कुणाची त्या, कुणाची दोन्ही टोकांना. सॉकेटमध्ये तिच्यासाठी दात असतो. शिवाय खाच जुळली तरी लॅपटॉपचा बोर्ड त्या ड्राइव्हची बोली बोलतो का, तेही बघायचं. जुने बोर्ड साटा बोलतात, ही जलद आहे ती एनव्हीएमई बोलते. आणा ना लॅपटॉप, बघते मी."

"सगळ्यांत जलद कुठली?"

"ही. पण तुमच्यात बसेल की नाही..."

"बसेल," ठोक्या म्हणाला. त्याच्या मानेची शीर उडायला लागली होती. मी त्याच्या सदऱ्याचं टोक धरून ठेवलं. पैसे घेऊन डबी देताना गोळाताईने सांगितलं, "डबी फोडायच्या आधी एकदा जुनीची खाच बघा हं, काका." गाढवापुढे वाचली गीता.

लेक बाजाराला गेलेली, लॅपटॉप घरीच. ठोक्याने जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि लॅपटॉप उलटा केला. खरं सांगतो, असं उघडताना मी कुणाला बघितलं नाही. एकेक स्क्रू काढायचा आणि ज्या जागेचा त्याच जागेच्या क्रमाने चादरीवर मांडायचा. जुनी पट्टी सोडवून बशीत ठेवली. नवी घेतली, सॉकेटला लावली. जाईना. उलटी केली, जाईना. पुन्हा सुलटी. सॉकेटमधला प्लास्टिकचा दात एका टोकाला आणि पट्टीची खाच दुसऱ्या टोकाला.

"बाई म्हणत होती ते हेच रे," मी म्हणालो. "चल, बदलून आणू."

"बाईने खाच चुकीच्या जागी पाडलेली दिली." जणू गोळाताईनेच रात्री बसून ती पाडली होती! त्याने पेटीतून बारीक कानस काढली, घड्याळवाल्यांकडे असते तशी. आणि पट्टीला दाताच्या जागी नवी खाच पाडायला बसला. तिथे सोनेरी रेघा होत्या ओळीने. त्यातल्या काही घासून काढल्या. मी म्हणालो, "या रेघा कशाला तरी असतील की." तो म्हणाला, "शोभेला." आयुष्यभर ज्या माणसाने लोखंड लोखंडात बसवलं, त्याला जे बसलं ते चाललं एवढंच माहीत. शाफ्टमध्ये बेअरिंग बसलं की फिरतं. तिथे बोलीभाषा कुठली आली?

खाच मात्र देखणी पाडली हो! कारखान्यातून आल्यासारखी. पट्टी सॉकेटमध्ये गेली, खट्ट आवाज झाला. त्याने माझ्याकडे बघितलं. कपाट बसलं तेव्हा बघितलं होतं तसंच. झाकण लावलं, बटण दाबलं.

पंखा फुर्रकन फिरला, थांबला. मग जळक्या रबराचा वास आला आणि कीबोर्डच्या फटीतून धुराची एक बारीक दोरी वर आली. पुन्हा बटण दाबलं. काही नाही. पुन्हा. काही नाही.

ठोक्या पांढरा पडला. मी त्याला वाइसवाल्या प्रकरणात बघितलं, मारामाऱ्यांत बघितलं, बायकोच्या सरणापाशी बघितलं, पण असा कधी बघितला नाही. लेकीचं पोट त्या मशीनवर. आणि मग तो पांढरा रंग खालून वर लाल होत गेला. मी ओळखलं. झाकण उचकटून पट्टी उपसली, मुठीत घेतली, आणि हा गडी चप्पल न घालता रस्त्यावर. मी मागे धापा टाकत. "अरे, लेकीला शब्द दिलाय! अरे, ऐक!" त्याच्या कानावर काही जात नव्हतं.

दुकानात शिरताच त्याने पट्टी काउंटरवर आपटली. "सडका माल देतेस? मशीन जाळलंस माझं!"

गोळाताईने पट्टी उचलली. डोळ्यांजवळ नेली. मग फिरवून बघितली. आणि तिला हसू आलं. माणसाला येईल तसंच आलं. कानशीने घासलेली ड्राइव्ह तिने जन्मात बघितली नव्हती. "काका," ती म्हणाली, "ही तुम्ही घासली? कानशीने?" आणि पुन्हा हसली.

ठोक्याच्या पंज्याचा आवाज भिंतीपर्यंत गेला. बाईचं डोकं बाजूला फिरलं, कानातलं उडून चार्जरांमध्ये पडलं.

मग गोळाताईने शांतपणे चष्मा काढून ड्रॉवरमध्ये ठेवला, काउंटरची फळी वर केली आणि बाहेर आली. "आता ये," म्हणाली.

मी बऱ्याच मारामाऱ्या बघितल्यात. बायकांच्याही बघितल्यात, पण त्या केसांच्या. ही केसांची नव्हती. तिने पहिला ठोसा बरगडीत दिला, तेव्हा ठोक्याच्या तोंडातून पंक्चर झालेल्या टायरसारखा आवाज आला. त्याने तिच्या तोंडावर कपाळ आपटलं. तिचा ओठ फाटला, रक्ताची धार हनुवटीवर. तिने खिळ्यावरचा कीबोर्ड ओढून त्याच्या कानशिलावर असा फोडला की बटणं ओल्या मक्याच्या दाण्यांसारखी दुकानभर उडाली. त्याने तिचा गळा धरला. तिने त्याला कंबरेत मिठी घातली, उचललं आणि खरंच, शाळेतल्या गोळ्यासारखं काचेच्या कपाटावर फेकलं! काच खळ्ळकन खाली. ठोक्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत उघडला. तरी तो उठला. हातात काचेचा तुकडा.

मी मध्ये पडलो. कुणाचं कोपर लागलं ते ठाऊक नाही, पण डोळ्यापुढे चांदणं पसरलं आणि मी जमिनीवर बसलो. बसूनच ओरडलो, "ठोक्या, काच टाक! काच टाक!"

तेवढ्यात दारातून आवाज आला, "ताई, माझा लॅपटॉप बंद पडलाय, जरा..."

लेक होती. घरी आली, टेबलावर उघडा, जळका लॅपटॉप बघितला, काखोटीला मारून जवळचं दुकान गाठलं. तिला काय माहीत आत कोण आहे!

ती उभी राहिली. बापाच्या हातातली काच बघितली. बाईचा ओठ बघितला. जमिनीवर मला बघितलं.

"सुरुवात कुणी केली?"

ठोक्याने तोंड उघडलं. तेवढ्यात गोळाताई पदराने हनुवटी पुसत म्हणाली, "मी. मी हसले त्यांना." कुठून आलं हे बाईला? तिला त्या दोघांमधलं काही ठाऊक नव्हतं. पण पोरीच्या तोंडाकडे बघून काहीतरी उमगलं असावं. एवढ्यावर भागलं असतं. मी तर मान हलवायलाही लागलो होतो.

"खोटं बोलतेय," ठोक्या म्हणाला. काच त्याच्या हातातून गळाली. "मी मारलं. आधी मी."

लेकीने मान खाली घातली. मग लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि पर्समधून रुमालात गुंडाळलेली जुनी पट्टी काढली. "बोर्ड गेला असेल तर जाऊ दे. ही चालते का तेवढं बघा, ताई. माझं सगळं काम यात आहे." बापाकडे न बघता म्हणाली, "काका, यांच्या हाताला टाके घालून आणा." आणि घरी गेली बॅग भरायला.

पट्टी शाबूत होती, चित्रं वाचली. गोळाताईने दुकानावरची खोली तिला राहायला दिली. खालच्या काउंटरवर अर्धा दिवस बसायचं, उरलेला वेळ आपलं काम. पोलिसांत जा म्हणून मीच गोळाताईला सांगितलं होतं. ती म्हणाली, "काच मी फोडली, त्यांच्याच अंगाने. तक्रार काय लिहू?"

पोरगी काउंटरवर कडक. कुणी ड्राइव्ह मागितली की आधी लॅपटॉप दाखवा. नसेल तर मॉडेल सांगा. सॉकेटचा फोटो, खाच कुठे, स्क्रूची जागा कितीवर, पट्टी एका बाजूने चिप्स असलेली की दोन्ही बाजूंनी, खाली तेवढी जागा आहे का. "लाव गं पटकन" म्हणणाऱ्याला सरळ म्हणायची, "पटकन लावलेली मी घरी बघितलीय."

आणि ठोक्या? तो रोज दुकानासमोर यायचा. आत नाही. विजेच्या खांबाला टेकून उभा. हाताला पांढरी पट्टी. गोळाताई ओरडायची, "काका, आत या, नाहीतर गिऱ्हाइकं समजतात वसुलीवाला उभा आहे!" तो मान हलवायचा. मी विचारलं, "का रे, आत का जात नाहीस?" तर म्हणाला, "आत भांडणं होतात, साडू. आणि माझे हात माझ्याच बरोबर येतात."

लेक त्याच्याशी बोलायची नाही. पण खांबाकडे बघायची. तेही मी बघितलंय.

एके दुपारी गोळाताई सामान आणायला गेली होती. मी ठोक्याबरोबर खांबापाशी. एक ठेकेदार आला, मान आणि डोकं एकाच रुंदीचं. त्याने दुसरीकडून ड्राइव्ह घेतली होती. लेकीने त्याचा लॅपटॉप उघडून बघितला. "ही बसेल, पण चालणार नाही. तुमचा बोर्ड फक्त साटा बोलतो. ही वेगळी आहे."

"बसते ना? मग लाव."

"बसून उपयोग नाही, साहेब. दिसणारच नाही त्याला."

"तू लाव. अक्कल शिकवू नकोस." आणि त्याने काउंटरवरून तिचं मनगट धरून पिरगाळलं. पोर ओरडली.

खांब रिकामा झाला. मी डोळे मिटले. म्हटलं, आता ठेकेदाराला पोत्यात भरून न्यावं लागणार. उघडले तर काय! ठोक्या ठेकेदार आणि काउंटर यांच्यामध्ये घुसलेला, खांद्याने लेकीचं मनगट सोडवलेलं, आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे, एकमेकांत घट्ट अडकवलेले. "तिला हात लावू नकोस," म्हणाला. "मला मार."

ठेकेदाराने मारलं. आधी तोंडावर. मग पोटात. ठोक्या वाकला, पुन्हा सरळ झाला. पुन्हा तोंडावर. ओठातून रक्त सदऱ्यावर सांडलं, एक दात काउंटरवर वाजला. पाठीमागे त्याची बोटं एकमेकांत अशी रुतलेली की नखं पांढरी. मी "अरे मार ना!" म्हणून किंचाळलो. आयुष्यात मी पहिल्यांदाच त्याला मार म्हणालो, आणि तेव्हाच हा ऐकेना!

मग मध्येच काहीतरी सूं करून गेलं. लेकीने चार्जर ओढला होता, त्याचा विटेसारखा ठोकळा वायरीच्या टोकाला फिरवून. तो ठेकेदाराच्या नाकावर बसला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो भिंतीवर आपटला. तिने पुन्हा फिरवला. दातांवर. पुन्हा. गालाचं मांस फाटलं. तो खाली बसला, हात वर करून "बाई, बाई" म्हणायला लागला, तरी तिचा हात थांबेना. मी तिचा चेहरा बघितला. तो चेहरा मी जिन्याच्या वळणावर बघितला होता, कारखान्यात बघितला होता. मेहुणीने किती वेळा बघितला असेल!

ठोक्याने हात सोडले आणि लेकीला मागून कवळलं. "पुरे. बाई, पुरे. पुरे आता." वायर तिच्या मुठीतून एकेक बोट उलगडून काढली. ठेकेदार रांगत दाराबाहेर गेला, त्याचा लॅपटॉप तसाच राहिला.

दोघं काउंटरमागे जमिनीवर बसली. लेक आपल्या हाताकडे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "मला बरं वाटलं मारताना."

ठोक्याने रक्त गिळलं. "वाटतंच," म्हणाला. "मला रोज वाटायचं. तुझ्या आईला मारतानाही वाटायचं."

हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही. मला वाटलं, आता पोर उठून जाईल, कायमची. ती उठली. आतल्या मोरीतून पाण्याचा तांब्या आणि फडकं घेऊन आली. त्याच्या तोंडावरचं रक्त पुसायला लागली, आणि हलक्या हातानेही नाही, खसाखसा. तो "आई गं" म्हणाला, तर म्हणाली, "गप्प बसा."

घरी ती राहायला आली नाही. खोली वरचीच. पण दुसऱ्या दिवशी ठोक्या खांबापाशी येऊन उभा राहिला, तेव्हा तिने काउंटरची फळी वर केली आणि एक स्टूल आत ओढलं. गिऱ्हाइकासमोर, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा, आत बसा. आणि माझा हात उठताना दिसला, तर धरा."